वरच्या ओळी फोटोत नव्हत्या

आमच्या कंपनीत आमी सहा जणं. अमरावतीत, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर. संत्री साइजनुसार निवडणारी मशीन आमी बनवतो. मशीनच्या पोटात लिनक्स चालते, अन् त्यातल्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हंजे कॅमेरा चालवणारा प्रोग्राम, दोघांचा होता. अर्धा मी लिहिला, अर्धा भाऊनं. भाऊ माह्यापेक्षा दहा वर्षांनं मोठा, अकोल्याहून रोज ये-जा करे. घरी बायको अन् पोरगी, अन् कमाई ह्या एकाच नोकरीची. बोलणं असं सावकाश, का त्याचं वाक्य संपेपर्यंत आपला चहा थंडा.

आता असा माणूस समोर बसल्यावर मी नक्कल करणार नाई तं काय करणार? शाळेत हेडमास्तरपासून घंटी वाजवणाऱ्या शिपायापर्यंत सगळे माह्या गळ्यात होते.

ऐन सीझनमधी चांदूर बाजारच्या एका व्यापाऱ्याकडची आमची मशीन बंद पडू लागली. सरनं, म्हंजे आमच्या कंपनीच्या मालकानं, मले पाठवलं. कर्नल, म्हंजे सिस्टिमचा गाभा, पडला का मरता मरता स्क्रीनवर लिहून जाते, कोणत्या फंक्शननं, म्हंजे प्रोग्रामच्या कोणत्या तुकड्यानं, कोणाले बोलावलं होतं ते. त्याले स्टॅक ट्रेस म्हणतात. पण ओळी भराभर वर सरकतात अन् आधीच्या निघून जातात. म्हणून पूर्ण लॉग, म्हंजे सगळ्या ओळींची नोंद, लॅपटॉपवर घ्याले एक केबल लावतात. केबल माह्या बॅगमधीच होती. पण संत्री निवडणाऱ्या बाया जमल्या होत्या, अन् मी त्यायले त्यायच्या मालकाची नक्कल करून दाखवून राहिलो होतो. तेवढ्यात मशीन पडली. मी मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढला. झालं काम.

फोटोतल्या ट्रेसमधी भाऊच्या फंक्शनचं नाव होतं.

"काय भाऊ, तुमचंच निघालं," सर म्हणले. व्यापारी मशीन वापस न्या म्हणत होता, त्याच्यानं सर तापलेच होते.

भाऊनं फोटो मोठा करून पायला. "सर... यात... थांबा जरा..."

अन् मी सुरू झालो. त्याच्याच आवाजात, त्याच्याहून सावकाश. "सर... मशीन... पडली... नाई... आराम... करून राहिली..."

अख्खा माळा हसला. सरही हसले. भाऊनं मोबाइल मले वापस देला. त्याच आठवड्यात सरनं त्याले उद्यापासून येऊ नका म्हणून सांगतलं.

त्याचं फंक्शन काढून मी नवं लिहिलं. मशीन तरी पडली. तवा कुठं मी केबल लावली. लॉगमधी एक नाई, दोन क्रॅश होते. पहिला माह्या फंक्शनमधी. कॅमेरा अजून मेमरीत चित्र लिहून राहिला होता, अन् मी ते मेमरी सोडून मोकळा. मागून येणाऱ्या फंक्शनचा त्या बिघडलेल्या जागी पाय पडे; आधी भाऊच्या, आता माह्या नव्या.

सरले दाखवलं. सरनं लॉग दोनदा वाचला. मंग म्हणे, "तूच जाय अकोल्याले. येतो म्हणला तं घेऊन ये."

रविवारी गेलो. भाऊ अंगणात शिडी पुसून राहिला होता. सीसीटीव्ही लावाचं काम धरलं होतं त्यानं.

"भाऊ, चूक माही होती."

"मालूम हाय. तुह्या फोटोत क्रॅशच्या बाजूले दोनचा आकडा होता. म्हंजे एक आधी झाला होता."

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

"सांगतच होतो," तो म्हणला. "तू बोलून राहिला होता."

मी लॅपटॉप उघडून पूर्ण लॉग त्याच्यापुढं धरला. त्यानं चष्मा लावला, लॅपटॉप शिडीवरच ठेवला अन् लॉग खालून वर वाचला. बोटानं, एकेक ओळ. "इथं आधी कॅमेरा थांबव. तो थांबला का ते पाय. मंग मेमरी सोड. दोन ओळीचं काम हाय."

"भाऊ, सोमवारी चला ना. सरनं बोलावलं."

"नाई रे बाबू. तिथं मी तोंड उघडलं का तुमाले हसू येते."

त्यानं शिडी उचलली, गाडीले बांधली, अन् कामावर गेला.

सोमवारी मी त्या दोन ओळी टाकल्या. मशीन तवापासून एकदाही पडली नाई.