ओकजूताईचे दिवे

माझी थोरली बहीण ओकजू, विजेच्या इंजिनिअरिंगची पदवीधर. उल्सान शहरातल्या एका जहाज कारखान्यात ती वीस वर्षं जहाजांच्या वायरिंगचे नकाशे काढत होती. कारखाना बंद पडला, तशी ती गुर्योंग्पोला, आमच्या बंदरावर परत आली. आईच्या शेवयांच्या खानावळीत भांडी विसळता विसळता एक दिवस म्हणाली, "मी वायरमनची परीक्षा देणार आहे."

आईचा झारा कढईतच थांबला. "पदवीवाल्यांची मोठी परीक्षा असते ना? ती दे. नुसतं लिहायचं असतं."

"ती कधीच झालीय, आई."

"मग ही खालची कशाला? लोक विचारतील, एवढं शिकून पोरीने काय दिवे लावले?"

"तेच तर. शंभर जहाजांच्या वायरी कागदावर ओढल्या. स्वतःच्या हाताने एक दिवा लावलेला नाही."

त्यानंतर आई तिच्याशी माझ्यामार्फतच बोलायला लागली. "तुझ्या ताईला सांग, जेवण गार होतंय." ताई समोरच बसलेली असायची.

ती जवळच्या पोहांग शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात जायला लागली. वर्गात टॅक्सीवाले, निवृत्त हवालदार, एक न्हावी. घरी तिने भिंतीवर फळी ठोकली आणि ज्यातून वायरी न्यायच्या तो पाईप वाकवायचा सराव सुरू केला. पाईप दर वेळी बरोबर कोपऱ्यावर चेपायचा आणि ताई स्वतःशीच हसायची. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या परीक्षेत मात्र वेळ संपली तेव्हा तिच्या निम्म्या वायरी लोंबकळत होत्या. नापास.  

दुसऱ्या वेळी परीक्षकाने तिने जोडलेल्या फळीवरचं बटण दाबलं, लाल दिवा विझला आणि हिरवा लागला. ताईने मला फोन केला आणि नुसतंच म्हणत राहिली, "लागला गं, लागला."

माकुलांचा हंगाम तोंडावर आला होता. माकुलं, ती दहा सोंडांची मऊ मासळी, रात्री उजेडाकडे धावतात, म्हणून होड्यांवर दिव्यांच्या माळा असतात. जेगाल हा एका होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान; त्याच्या होडीवरच्या वायरी खाऱ्या हवेने कुजल्या होत्या आणि बंदरातले सगळे वायरमन दुसऱ्या होड्यांवर अडकलेले. तांडेल आमच्या खानावळीत शेवया ओरपत ताईला म्हणाला, "तू पदवीवाली की लायसनवाली?"

"दोन्ही. तुम्हाला कुठली हवी?"

"दिवे लावणारी."

ताईने रात्रीतून नकाशा काढला. जनरेटरवर भार सारखा पडावा म्हणून दिव्यांचे तीन भाग केले, प्रत्येकाची जोडणीची पेटी वेगळी. मग चार दिवस ती होडीवरच होती. मी डबा घेऊन जायचे तेव्हा कधी तिचे नुसते पाय दिसायचे, कधी नुसता आवाज यायचा, "चिकटपट्टी दे."

निघायच्या दिवशी अंधार पडता पडता धक्क्यावर गर्दी जमली. आईसुद्धा आली, एप्रन न सोडता. ताईने खटका ओढला. पुढचे दिवे लागले, मधले लागले, मागचा भाग अंधारातच.

"अर्धी माकुलं झोपू द्यायची ठरवलीत का?" एक खलाशी म्हणाला. सगळे हसले. आई हसली नाही.

ताईने जनरेटर बंद करायला सांगितला. एकच भाग अंधारा, म्हणजे कुठली पेटी उघडायची ते तिला ठाऊक होतं. पेटी उघडून ती म्हणाली, "माझीच चूक. हे टोक नीट दाबलं गेलं नाही." मी बॅटरी धरली. तिने ते टोक पुन्हा घट्ट दाबून बसवलं आणि पेटी बंद केली. 

जनरेटर सुरू झाल्यावर तिने पुन्हा खटका ओढला आणि सगळी होडी उजळली. धक्का, पाणी, वाळत घातलेली जाळी, माणसांची तोंडं, सगळं पांढरंशुभ्र. आईने डोळ्यांवर एप्रन धरला आणि त्याच्याआडून शेजारच्या मासळीवालीला म्हणाली, "आमची थोरली. वायरी तिनेच ओढल्यात."

तांडेल दोर सोडत होता. "समुद्रावर दिवे कसे दिसतात ते बघायचंय? चल."

ताईने हत्यारांची पिशवी होडीत फेकली आणि मागोमाग उडी मारली.

"अगं, जाकीट तरी घे," आई ओरडली. थेट तिलाच.