कस्टमरला स्वतः यावं लागेल

मंडळी, सकाळपासून माझं डोकं चक्रावलंय.

नवरा सहा महिन्यांसाठी ओमानला कामावर गेलाय. त्याच्या इथल्या नंबरचं रोमिंग चालू नाही, त्यामुळे बँकेचे ओटीपी त्याला तिकडे मिळत नाहीत. म्हणून आज सासऱ्यांना सोबत घेऊन नवीन पनवेलच्या मोबाइल गॅलरीत गेले.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, कस्टमरला स्वतः यावं लागेल."

"अगं, तो इथे असता तर रोमिंग कशाला लागलं असतं?"

तिने कॉम्प्युटरवर नाव वाचलं. ते सासऱ्यांचं निघालं. पंधरा वर्षांपूर्वी सिम त्यांच्या कागदांवर घेतलं होतं, हे घरात कुणाच्या लक्षातच नव्हतं.

सासऱ्यांनी अंगठा दिला.

"काका, परदेशात कधी निघताय?"

"मी नाय कुठं जात. मी हाय इथंच."

तरी रोमिंग चालू झालं.

निघताना सहज माझाही नंबर बघायला सांगितला. तो माझ्या बाबांच्या नावावर आहे. उद्या काही बदलायचं झालं, तर कस्टमरला स्वतः यावं लागेल म्हणे.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मी कुणाला घेऊन जाऊ?