दोन किलो लसणाची चटणी

गेल्या मंगळवारी एक घोळ घातला. वारज्यातल्या माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच हाताने.

माझ्याकडे प्राची नावाची मुलगी राहते. अकोल्याची, इथे जंतूंवर पीएचडी करते. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, अमेरिकेत... त्याची खोली रिकामी होती, ती हिला दिली. बायको गेल्यापासून घरात आवाज म्हणाल तर फ्रिजचा. आता निदान मिक्सरचाही येतो.

तर ही चार दिवस गावाला गेली होती. ओट्याखाली तिची लसणाची जाळीची पिशवी, दोनेक किलो उरलेला, आणि त्याला कोंब फुटायला लागलेले. मी चाळीस वर्षं मार्केट यार्डात कांदा-लसूण विकला. कोंब आलेला लसूण माझ्याच्याने बघवत नाही. बसलो सोलायला. सगळा सोलला, सगळ्याची चटणी केली. वेळ होता... वेळेला काय, तो पडूनच असतो.

ती आली, रिकामी पिशवी बघितली आणि फरशीवरच बसली. "आजोबा, काऊन केलं असं? तो खायचा नव्हता!"

"लसूण खायचा नाही तर काय पूजेला ठेवायचा?" मी म्हटलं. पण तिचं तोंड बघून पुढचं गिळलं.

मग तिने मोबाइलवर फोटो दाखवला. काचेची बशी, तिच्यात जांभळे जंतू पसरलेले. मधोमध लसणाच्या रसात बुडवलेली कागदाची टिकली, आणि तिच्याभोवती जांभळा रंगच नाही. नुसतं पांढुरकं कडं.

"तिथले मेले का?"

"नाही ना, जिवंत आहेत. फक्त एकमेकांचं ऐकू येत नाही त्यांना."

जंतू म्हणे बोलतात. तोंडाने नाही, प्रत्येक जण थोडं थोडं रसायन सोडतो. ते साचलं की सगळ्यांना कळतं, आपण आता पुरेसे झालो... मग सगळे एकदम कामाला लागतात. हे जांभळे होतात, रोगाचे असतील तर हल्ला करतात. मला लगेच पटलं. यार्डात एकट्या हमालाने गोणी खाली ठेवली तर कुत्रं विचारत नाही. पन्नास जणांनी ठेवली की बाजार बंद.

लसणात असं काहीतरी आहे की त्यांचा हा निरोपच पोचत नाही. कोबीच्या जातीच्या भाज्यांत, हळदीतही असतं म्हणाली. मी विचारलं, म्हणजे लसूण खाल्ला की औषध नको? "तसं नाही हो. हे बशीतलं झालं. माणसाच्या अंगात काय होतं ते अजून शोधतायत. ग्रुपवर टाकू नका, आजोबा." बरं झालं सांगितलं, टाकणारच होतो.

अडचण अशी की प्रयोग तीनदा करायचा, आणि तिन्ही वेळा एकाच लॉटचा लसूण हवा. दोनदा झाला होता. दुसरा लसूण आणला तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तिची मुदत महिनाअखेर. ती रडली नाही, नुसती जेवली नाही... ते जास्त लागलं.

तो लॉट कुठे मिळेल हे मला माहीत होतं. माझ्या धाकट्या भावाकडे, बाळूकडे. आमचाच जुना गाळा. मीच तिला तिथे पाठवलं होतं. आमचे वडील, अण्णा, माल कसा बघायचे तेही शिकवलं होतं... पाकळी नखाने चिरायची, मनगटावर घासायची, मग वास घ्यायचा. आणि बजावलं होतं, माझं नाव सांगू नकोस.

कारण बाळूशी मी सहा वर्षं बोललो नव्हतो. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि याने पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. घरी येऊन अक्षता नाहीत, काही नाही. मी गेलोच नाही. आता जन्मभर मीच सांगत आलो की मानपान हे रिकामटेकड्यांचं काम. तेच त्याने ऐकलं असणार... पण तेव्हा हे सुचलं नाही. बायको असती तर हाताला धरून नेलं असतं.

बुधवारी सकाळी बस धरली. गाळ्यावरून दोनदा तसाच पुढे गेलो. तिसऱ्यांदा आत शिरलो. बाळूचे केस सगळे पांढरे झालेत, मला माहीतच नव्हतं.

"ती अकोल्याची मुलगी घेऊन गेली, त्या लॉटचा लसूण आहे का?" मी उभ्या उभ्याच विचारलं.

"बस आधी," तो म्हणाला. मग थप्पीच्या मागे खुंटीला टांगलेली जाळीची पिशवी काढून समोर ठेवली. भरलेली, तोंड बांधलेलं. एकही कोंब नाही.

"तुझ्या लसणाला कोंब आले असतील," तो म्हणाला. "ओट्याखाली ठेवला असशील, ओलीत. चाळीस वर्षं धंदा केलास ना रे दादा?"

"माझा कुठला? त्या मुलीचा."

"त्या पोरीने पाकळी चिरून मनगटावर घासली. हे आपल्या अण्णांचं. अख्ख्या यार्डात असा माल बघणारी आता दोनच माणसं, त्यातला एक मी." पिशवीकडेच बघत होता. "त्याच दिवशी ही बाजूला टांगून ठेवली. संपला की तू येशील म्हटलं... तुझ्याकडे काही लवकर संपतच नाही."

चहा झाला, चटणीचा घोळही सांगून झाला. लग्नाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. निघताना म्हणाला, "दोन किलोची चटणी एकटा खाणारेस का? आण इकडे अर्धी."

प्राचीचा प्रयोग सुरू झालाय. महिनाअखेर संपेल, मग ती जाईल, खोली पुन्हा रिकामी. त्या फोटोतलं पांढुरकं कडं मात्र डोळ्यांपुढून जात नाही. त्या बिचाऱ्या जंतूंना रसाची टिकली तरी लावली होती... मी सहा वर्षं माझा मीच कान बंद करून बसलो होतो.

बरणी भरून ठेवलीये. उद्या सकाळची बस.