साधं नको

सल्फाइड न दिलेल्या पेशीही मायक्रोस्कोपखाली हिरव्या चमकत होत्या. सलग तिसऱ्या दिवशी.

आमच्या नारपोलीतल्या लॅबमध्ये एका क्लायंटचा डाय तपासायला आला होता. हा डाय, म्हणजे रंग, जिवंत पेशीत शिरतो आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड भेटला तरच उजळतो. सडक्या अंड्याचा वास असलेला हा वायू आपल्या शरीरातही किंचित तयार होतो. तुलनेसाठी काही पेशी तशाच ठेवतात. तो कंट्रोल. तो जवळजवळ काळा दिसायला हवा.

"भांडी नीट धुतली जात नाहीत," सर म्हणाले. "लताबाईंना सांगा, सोमवारपासून येऊ नका."

लता मावशींचं घर या नोकरीवर चालतं. मी म्हटलं, "सर, एकदा बघते."

मी सीलबंद डिशेस काढल्या. त्यांना मावशींचा हातही लागलेला नव्हता. त्यांत पेशी घालून त्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. इन्क्युबेटर म्हणजे पेशींचं उबदार कपाट. ओलाव्यासाठी त्यात खाली पाण्याचा ट्रे असतो. शुक्रवारी पुन्हा हिरवं. कपाट उघडल्यावर अंड्याचा वास आला. तो वास लॅबमध्ये नेहमीचाच, पण त्या दिवशी सल्फाइडची बाटली कुणी उघडलीच नव्हती.

"मावशी, ट्रेमध्ये पाणी कुठलं भरता?"

"बाय, तूच लिवलंय ना."

कपाटाच्या दारावर माझी चिठ्ठी होती. मला बोलण्यापेक्षा चिठ्ठी सोपी वाटते. 'ट्रेमध्ये गरम पाणी. साधं नको.' मला म्हणायचं होतं, नळाचं नको, डिस्टिल्ड पाणी थोडं गरम करून.

"गरम पानी, आन् साधं न्हाय. म्हंजे कुंडाचंच की," मावशी म्हणाल्या. त्या वज्रेश्वरीच्या, गरम पाण्याच्या कुंडांच्या गावच्या. "रोज कॅन भरून आनते. कंडक्टर इचारतो, हापिसात आंघोळ करता का?"

"आणि गॅसवर केलेलं?"

"त्याला तापवलेलं म्हनतात."

कुंडातलं गंधकाचं पाणी, घट्ट झाकणाच्या कॅनमधून थेट पेशींच्या कपाटात. डाय आपलं काम चोख करत होता.

चिठ्ठी घेऊन मी सरांकडे गेले. "चूक माझी आहे, सर."

त्यांनी ती दोनदा वाचली. "ट्रे बदलून परत लावा. सोमवारी कंट्रोल काळा आला तर बघू."

सोमवारी मावशी माझ्याआधी येऊन बाकावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. कंट्रोल काळा होता. सरांनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं आणि म्हणाले, "लताबाई, चहा ठेवा."

चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या नाही, वाचणाऱ्याच्या भाषेत असावी लागते. नवी चिठ्ठी लावली: 'डिस्टिल्ड पाणी, कोमट.'

"कोमट म्हंजे किती गं?" मावशींनी विचारलं.

मी पेन खाली ठेवलं आणि त्यांचं बोट पाण्यात बुडवलं. "एवढं."