बाळकुमची दुपारची फेरी

किस्से कोणी जमवत नाही. बसच्या सीटखाली धूळ साठते तसे ते आपोआप साठतात, आणि एखाद्या सुस्त दुपारी चहाबरोबर बाहेर येतात. नव्वदच्या आसपास मी ठाण्यात महापालिकेच्या एका बसडेपोत अकाउंट्सला होते. नुसत्या तिकिटांवर बस चालायची नाही. उरलेला खर्च जकातीतून निघायचा, म्हणजे शहरात माल आणणाऱ्या ट्रकांकडून नाक्यावर घेतलेल्या करातून.

*

आमचा ड्रायव्हर म्हात्रे एकदा घोडबंदर रोडला मालाने लादलेल्या ट्रकमागे अडकला. वैतागून त्याने हॉर्नवर हात ठेवला, तसा कंडक्टर भोईर मागून म्हणाला, "नको रे वाजवू. पुढे आपला पगार चाललाय. जाऊ दे त्याला नाक्यापर्यंत सुखरूप."

म्हात्रे बाकीचा रस्ता वरातीत चालल्यासारखा गेला.

*

मग जाहिरातींचे पैसे मिळावेत म्हणून बस रंगवल्या. आमच्या बसवर आला भलामोठा निळा पंखा आणि वाऱ्यावर केस उडणारी एक बाई. भर मे महिना. घामाने निथळलेले एक काका उतरताना म्हणाले, "अहो कंडक्टर, पंखा आतून रंगवला असतात तर निदान बघून गार वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी भोईरने घरच्या कॅलेंडरवरचा बर्फाचा डोंगर आणून आत चिकटवला. लोक स्टॉप येईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे.

*

भाडं वाढलं त्या सकाळी एका आजोबांनी जुन्या भाड्याएवढेच पैसे पुढे केले.

"आजोबा, एवढ्यात एक स्टॉप अलीकडेच उतरावं लागेल," भोईर म्हणाला.

आजोबा एक स्टॉप अलीकडे उतरले आणि चालू लागले. बस पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली. ती त्यांच्या स्टॉपवर पोचली तेव्हा आजोबा बाकावर बसलेले. भोईरला म्हणाले, "बस जरा. दमला असशील."

*

खाडीकाठच्या बाळकुमची दुपारची फेरी रिकामीच जायची. ती बंद करायचं जवळजवळ ठरलेलं. त्याआधी परिवहनचे मुख्य अधिकारी, आमचे देवधरसाहेब, मला घेऊन स्वतः बघायला निघाले.

बसमध्ये आमच्याशिवाय एकच म्हातारी कोळीण. टोपली नाही, पिशवी नाही. खिडकीशी डोळे मिटून बसलेली. तिवरांच्या झुडपांमागे खाडी चमकत होती. शेवटच्या स्टॉपला ती उतरलीच नाही. भोईरने न विचारताच तिला परतीचं तिकीट दिलं.

"आजी, तुम्हाला जायचंय कुठे?" साहेबांनी विचारलं.

"कुठं नाय. धनी होता तवा त्याच्यासंगती होडीत जायचे. तो गेला, होडी पण गेली. खाडीपाशी रस्ता खराब हाय ना, तिथं ही गाडी होडीवानी डुलते."

येताना खाडीपाशी बस डुलली. साहेबांनीही डोळे मिटलेले मी पाहिले.

आठवड्याने महापालिकेत मीटिंग झाली. या फेरीचा तोटा कशासाठी सोसायचा, असं एकाने विचारलं. साहेबांनी समोरची फाइल मिटली.

"फेरी राहू द्या," ते म्हणाले. "आणि खाडीजवळचा रस्ता एवढ्यात दुरुस्त करू नका."