चष्मेवाल्यांचा ब्लॉग आणि मैदानावरचा स्टँड

चष्मेवाले मुळातच भित्रे. कुत्रं दिसलं की ते रस्ता बदलायचे, लिफ्टमध्ये एकटे चढायचे नाहीत, दारावर जरा जोरात थाप पडली तरी आधी बायकोकडे बघायचे. बाजाराच्या रस्त्यावर, शिंप्याच्या दुकानाला लागून त्यांचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि फ्रेमांची काचेची कपाटं, मागे पडद्याआड डोळे तपासायची अंधारी खोली. गिऱ्हाइकाने आवाज चढवला की हे भाव उतरवायचे. बायको म्हणायची, "तुमच्यावर कुणी नुसतं गुरगुरलं तरी तुम्ही फ्रेम फुकट द्याल, वर डबी पण द्याल."

पण या माणसाला लिहायची खाज होती. दुपारी दुकानात सामसूम असली की काउंटरमागे बसून ते ब्लॉग लिहायचे. नाव 'इकडचं तिकडचं', आणि लेखकाच्या जागी फक्त 'एक शेजारी'. तिथे मात्र हा माणूस वाघ होता. फलकांवर दात काढून हसणारे उमेदवार निवडून आले की हसायचे का थांबतात, यावर त्यांनी लिहिलं होतं. फुटबॉलच्या पंचांना तर ते दर आठवड्याला सोलून काढायचे. सुट्टीच्या दिवशी दिसेल त्या बसमध्ये बसायचं, शेवटच्या थांब्यावर उतरून चहा प्यायचा, त्याच बसने परत यायचं आणि त्यालाच 'प्रवासवर्णन' म्हणायचं. पुन्हा पुन्हा खणला जाणारा रस्ता, बोलण्याच्या नादात अर्धीच दाढी करून थांबणारा न्हावी, असलंही काही काही त्यात असायचं.

वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दूर राहणारी थोरली बहीण प्रत्येक लेखाखाली 'छान!' लिहायची; शेजारचे आजोबा गेले त्यावरच्या लेखाखालीही तिने 'छान!'च लिहिलं होतं. एक निवृत्त मास्तर फक्त ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायचे. एवढ्यावर चष्मेवाले खूश होते. कमी लोक वाचतात म्हणजे धोका नाही, असा त्यांचा हिशेब.

त्यांची मुलगी मुलींच्या फुटबॉल संघात बचावफळीत खेळायची. उपांत्य सामन्याला ते मैदानावरच्या नव्या स्टँडमध्ये बसले होते. वर पत्रा, खाली सिमेंटच्या चढत्या पायऱ्या. नगरसेवक साहेबांनी तो बांधून घेतला होता, आणि बांधणारा त्यांचाच मेव्हणा. मुलींनी गोल केला, सगळा स्टँड उठून नाचायला लागला आणि चष्मेवाल्यांच्या पायाखालची पायरी हलली. बस सुटताना बसतो तसा हलका हिसका. त्यांनी घाईने कठडा धरला, तर कठडाही हलत होता. आजूबाजूला कुणाचं लक्ष नव्हतं. सामना संपल्यावर ते मागच्या बाजूला गेले. तिथे एका खांबावर तुळई टेकली होती, निदान टेकायला हवी होती. मध्ये फट होती. त्यांनी बोटं घातली, ती सहज आत गेली. वर माणसं उतरत होती आणि फट कमीजास्त होत होती. त्यांनी बोटं अशी ओढली की सालटं निघालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं: 'मला बांधकामातलं ओ की ठो कळत नाही. पण दांडी सैल झालेला चष्मा नाकावर टिकत नाही एवढं मला कळतं. हा स्टँड तसाच आहे. अंतिम सामन्याआधी कुणी जाणकाराने तो बघावा.'

संध्याकाळी शेजारचा शिंपी मोबाइलवर काहीतरी मोठ्याने वाचत होता. चष्मेवाल्यांनी कान दिला, तर आपलीच वाक्यं. लेख वस्तीतल्या सगळ्या ग्रुपवर फिरत होता. आधी त्यांना गुदगुल्या झाल्या. मग एकदम लक्षात आलं. आता तो साहेबांपर्यंतही गेला असणार.

तो गेला होताच. दोन दिवसांनी दुकानात मौनी आला.

साहेबांच्या या उजव्या हाताला सगळे मौनी म्हणत, कारण तो आवाज कधीच चढवत नसे. त्याला त्याची गरजच पडत नसे. दारातून आत यायला त्याला मान वाकवावी लागली.

"डोळे तपासायचे आहेत," तो म्हणाला.

चष्मेवाल्यांनी त्याला मागच्या खोलीत नेलं, खुर्चीत बसवलं, दिवा मालवला, आणि मग लक्षात आलं की आता अंधारात आपण दोघंच आहोत. मौनीच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून ते एकेक भिंग घालून बघू लागले. भिंग फ्रेमवर टकटक आपटत होतं.

"हात थरथरतोय तुमचा," मौनी म्हणाला.

"नाही... ते जरा... आता बरं दिसतंय की आधीचं बरं होतं?"

"आताचं. लांबचं मला स्वच्छ दिसतं. जवळचं वाचता येत नाही. परवा एक लेख दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला." तो थोडा थांबला. "लिहिणाऱ्याने नाव घातलेलं नाही. पण शिंपी असता तर शिवण उसवली म्हणाला असता. हा चष्म्याची दांडी म्हणतो."

चष्मेवाल्यांनी हातातलं भिंग पुन्हा पुसायला घेतलं.

"रविवारी अंतिम सामना. साहेबांच्या हस्ते बक्षीस आहे. तोवर तो लेख दिसायला नको." मौनीने फ्रेम स्वतःच काढून त्यांच्या हातात दिली. "मुलगी चांगली खेळते तुमची. सकाळी सरावाला एकटीच जाते ना?"

एवढंच. चष्मा शनिवारी न्यायला येतो म्हणाला आणि गेला.

चष्मेवाल्यांनी बाहेर येऊन लेख काढून टाकला. घाईत आधी चुकून पंचांवरचा लेख उडाला. दुसऱ्या दिवसापासून ते मुलीला सरावाला सोडायला जाऊ लागले. "बाबा, मी काय बालवाडीत आहे का?" ती चिडली. व्यायाम होतो म्हणून येतो, असं सांगून ते तिच्यामागून चालत राहिले. मागून मोटारसायकल आली की ते तिला भिंतीकडे ढकलायचे. घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

ग्रुपवर आता वेगळीच चर्चा होती. लेख गायब झाला म्हणजे अफवाच होती, असं लोक म्हणू लागले होते.

एका संध्याकाळी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "रविवारी मी पण येणार हो नातीचा सामना बघायला. मला त्या नव्या स्टँडमध्ये बसवा, सावली असते."

"स्टँडमध्ये बसायचं नाही," चष्मेवाले पटकन म्हणाले.

"का?" बायकोने विचारलं.

"ऊन... म्हणजे गर्दी... तो हलतो."

बायकोचा हात थांबला. "तो लेख तुम्ही लिहिला होता?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग सगळंच बाहेर पडलं: मौनी, अंधारी खोली, मुलीबद्दल तो काय बोलला ते. मुलगी खेळायच्या पिशवीत बूट भरता भरता ऐकत राहिली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

बायको घाबरली होती, तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. पण ती म्हणाली, "म्हणजे आपल्या आईला आपण तिथे बसवायचं नाही. आणि बाकीच्यांच्या आया?"

"मी काय करू मग? तू पाहिलं नाहीस त्याला!"

"मी कुठे म्हणतेय काय करा? मलाही कळत नाही. मी नुसतं विचारलं."

चष्मेवाल्यांनी ताट तसंच पुढे सरकवलं.

सकाळी मुलीला मैदानावर सोडून ते दुकानात आले. शटर अर्धंच वर केलं, वाकून आत शिरले आणि तोच लेख पुन्हा लिहायला बसले. फट कुठल्या खांबापाशी आहे तेही लिहिलं. खाली 'एक शेजारी' लिहिणार होते, पण बिननावाच्या माणसाला लोक अफवा म्हणतात हे आता त्यांना कळलं होतं. त्यांनी दुकानाचं नाव आणि पत्ता टाकला. लेख गेला आणि त्यांना उलटी झाली.

मग वाट बघण्याचे दिवस आले. मोठी सावली दारात पडली की ते आधी पडद्याआड जायचे. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, "बघतो," आणि त्याने नावही विचारलं नाही. बायको दुपारी दुकानात येऊन बसू लागली. सरावाच्या वेळी आता मुलीबरोबर तिच्या संघातल्या आणखी चारपाच जणी चालायच्या; मुलीनेच तसं ठरवलं होतं.

शनिवारी मौनी आला. काउंटरवरचा चष्मा त्याने डोळ्यांवर चढवला, खिशातून मोबाइल काढला आणि तिथेच उभा राहून लेख वाचू लागला. हळूहळू, एकेक शब्द. चष्मेवाल्यांनी काउंटरची कड घट्ट धरली होती. वाचून झाल्यावर मौनीने त्यांच्याकडे पाहिलं, चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि एक अक्षर न बोलता निघून गेला. त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

रविवारी मैदान फुललं. लेख वाचलेले काही लोक गवतावर बसले होते, पण ऊन मी म्हणत होतं आणि पत्र्याखाली सावली होती. साहेब पहिल्या रांगेत येऊन बसल्यावर तर स्टँड भरतच गेला. चष्मेवाल्यांनी सासूबाईंना आणि बायकोला मैदानाच्या पलीकडच्या कडेला बसवलं आणि स्वतः स्टँडच्या पायऱ्यांशी येऊन उभे राहिले. लोकांना सांगायचं ठरवून आले होते, आवाजच निघेना.

"अहो... वर नका जाऊ... खाली..." ते एका म्हाताऱ्या जोडप्याला म्हणाले.

"पास लागतो का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही, तो हलतो..."

"अहो, हेच ते दांडीवाले," कुणीतरी म्हणालं आणि चारजण हसले. म्हातारा-म्हातारी वर गेली.

तेवढ्यात त्यांच्या खांद्यावर हात पडला. तो मौनीचा होता. त्याने त्यांना स्टँडच्या मागे नेलं. तिथे कुणीच नव्हतं. मुलीचा सामना सुरू झाल्याची शिट्टी चष्मेवाल्यांनी ऐकली आणि वाटलं, आता हा सामना काही आपल्याला बघायला मिळत नाही.

"कुठे?" मौनीने विचारलं.

"काय कुठे?"

"फट."

त्यांनी बोट दाखवलं. मौनीने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर लावला आणि खांबाजवळ तोंड नेलं. मग फटीत आपली बोटं घातली. तेवढ्यात वर गलका झाला, शेकडो पाय आपटले, आणि तुळईतून सिमेंटची भुकटी त्याच्या चष्म्यावर पडली. त्याने हात झटकन बाहेर ओढला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. चष्मेवाल्यांनी आयुष्यभर आरशात पाहिलेली भीती ती. त्यांना लगेच ओळखू आली.

"आई वर आहे माझी," मौनी म्हणाला.

तो धावतच वर गेला. थोड्या वेळाने एका बारीकशा म्हातारीला दंडाला धरून तो खाली उतरताना दिसला. ती कुरकुरत होती, "अरे, आत्ताच तर टेकले होते. किती छान सावली होती!" मौनी तिला उचलल्यासारखाच आणत होता.

स्टँड बघत राहिला. साहेबांचा मौनी आपल्या आईला खाली उतरवतोय! आधी एक कुटुंब उठलं. मग शेजारचं. मग रांगच्या रांग. "धावू नका, हळू!" चष्मेवाले ओरडले, आणि आपला आवाज ऐकून स्वतःच दचकले. लोक उतरत राहिले. शेवटी साहेब आणि दोनचार माणसं उरली. साहेबांनी मोबाइल कानाला लावला, महत्त्वाचा फोन आल्यासारखं तोंड केलं आणि तेही खाली उतरले.

स्टँड पडला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. आठवड्याभराने त्याभोवती दोऱ्या बांधून 'रंगकाम चालू' अशी पाटी लागली, आणि मग एक दिवस तो मुकाट्याने पाडायला घेतला. का, ते कुणी सांगितलं नाही. चष्मेवाल्यांनी फुकटचा गोंधळ घातला असं म्हणणारे आजही आहेत. मौनी साहेबांकडून गेला की त्याला घालवलं, कळत नाही. सामना मुली हरल्या. "सगळी माणसं रेषेला चिकटून उभी! मला थ्रो टाकायला मागे सरकताच येईना," असं मुलगी कित्येक दिवस म्हणत होती.

त्यानंतरच्या एका सकाळी चष्मेवाले दुकानात आले तर शटर वाकलेलं, दर्शनी काच फुटलेली आणि फ्रेमा तुकड्यांत विखुरलेल्या. ते तसेच फुटपाथवर बसले. शिंप्याने झाडू आणला. बायकोने त्यांना पोलीस ठाण्यात नेलं, तक्रार लिहून घेतली गेली, पुढे काहीच झालं नाही. दुपारी काचवाला नवी काच बसवत असतानाच एक आजी फ्रेमचा स्क्रू आवळून घ्यायला आल्या. आजचा दिवस दुकान बंद आहे, असं सांगायला चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं, पण सांगितलं नाही. त्यांनी बारीक पेचकस हातात घेतला. तो स्क्रूवर बसेचना, सारखा घसरत होता.

आजींनी ते थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "मला काही घाई नाही हो. बसा आधी. पाणी प्या."

ते बसले, पाणी प्यायले आणि मग त्यांनी स्क्रू आवळून दिला.