शिरीषचे गुरुवार

शिरीष गेल्याचा फोन सकाळी आला तेव्हा नीलिमावहिनी नीट बोलल्या. रडल्याही. पण चार दिवसांनी, फ्यूनरल होममधून बाहेर पडता पडता त्यांनी माझं कोपर धरलं आणि कानात विचारलं, "भावजी, ती पिवळ्या ड्रेसमधली कोण?"

ती बाई मीही पाहिली होती. पाहण्यासारखीच होती. चाळिशीची, केस मोकळे, आणि शिरीषच्या पायाशी उभी राहून आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडत होती. मला खरं तर आश्चर्य वाटलं नाही. इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमध्ये आम्ही शेजारी, आणि गेली तीन वर्षं हा गृहस्थ दर गुरुवारी "ऑफिसचा कॉल आहे यार" म्हणून आमचा पत्त्यांचा डाव कॅन्सल करायचा. कॉलला कोणी नवे बूट घालून जातं? त्यातून एकदा चहा पिताना मला ब्राझीलचं संगीत समजावू लागला. रिओच्या उपनगरांतल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सोल, फंक ऐकलं आणि घरच्या सांबात मिसळलं म्हणे. "सांबाचा मोठा ढोल दुसऱ्या मात्रेवर वजन टाकतो, फंक पहिलीवर. दोघांचं भांडण लावायचं आणि मधल्या जागेत नाचायचं!" डोळे असे चमकत होते की मी मनात म्हटलं, लग्न झालेल्या माणसाला इतकं संगीत बाईशिवाय कळत नाही.

वहिनींनी त्याच्या फोनमधून त्या गुरुवारांचा पत्ता काढला. पुढच्या गुरुवारी मी ड्राइव्ह केलं. (उत्सुकता माझी, निमित्त त्यांचं.) एक गराज निघालं. आत ढोल, बेस गिटार, घामेजलेली दहाबारा माणसं, आणि ती. लुसिया. बँड तिचा. वहिनींना पाहताच ती धावत येऊन गळ्यात पडली. वहिनी खांबासारख्या उभ्या.

"तो काय करायचा इथे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"खुळखुळा वाजवायचा. फार वाईट," लुसिया म्हणाली. "पण नाचायचा... थांब." आणि तिनं फोनवर व्हिडिओ लावला.

शिरीष नाचत होता. एकटा, डोळे मिटून, कंबर सैल सोडून. मला हसू आलं, ते लगेच गिळलं, कारण वहिनींचा चेहरा उतरला होता. मंडळाच्या प्रत्येक पार्टीत त्या हात पुढे करायच्या आणि हा "मला नाही जमत" म्हणून खुर्चीत रुतून बसायचा. सगळ्या गावानं पाहिलेलं.

"बाई असती तर भांडले तरी असते, भावजी," त्या मराठीत म्हणाल्या. "हे लपवलं? माझ्यापासून?"

लुसियाला मराठी येत नाही, पण प्रश्न कळला असावा. "तो नेहमी सांगायचा, अजून थोडं जमू दे, मग बायकोला आणतो."

"असं सगळेच सांगतात," वहिनी म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही, खरं सांगायचं तर, अजून पुरता बसलेला नाही... तो वहिनींना कधी घेऊन आला असता का? निघताना लुसियानं त्याचा खुळखुळा वहिनींच्या हातात दिला. पत्र्याची नळी, आत मणी. वहिनींनी तो पर्समध्ये टाकला, जरा जोरातच.

परवा मी त्यांच्याकडे चहाला गेलो. खुळखुळा ओट्यावर, मसाल्याच्या डब्यांच्या रांगेत उभा होता. चहा उकळेपर्यंत वहिनी पाठमोऱ्या उभ्या होत्या, आणि त्यांची उजवी टाच हलकेच उचलली जात होती, टेकत होती, बरोबर दुसऱ्या मात्रेवर.

"वहिनी, हे काय?"

"कुठे काय? पाय आखडलाय," त्या म्हणाल्या आणि गॅस आणखी बारीक केला.